थोरली गादी, धाकटी गादी

१४ जानेवारी, मंगळवार

आज संक्रांत. ही वही ऋताने जाताना दिली होती. म्हणाली, आज्जी, रोज फोन व्हायचा नाही, जे सांगायचं राहील ते ह्यात लिही. मी म्हटलं, अगं मी चौथी शिकलेली, माझं अक्षर म्हणजे कोंबडी चालून गेल्यासारखं. तर म्हणाली, मग कोंबडी चालू दे. तेव्हापासून वही साड्यांच्या घडीत पडून होती. आज काढली, कारण आज मला राहवेना.

माझी नात डॉक्टर होणार आहे. हे आधी लिहून टाकते, लिहिताना फार बरं वाटतं. नेरूळच्या ह्या सोसायटीत लिफ्टमध्ये जो भेटेल त्याला मी सांगते. जॉर्जिया म्हणून थंडीचा देश आहे, तिथे तिबिलिसी म्हणून गाव आहे, तिथे शिकते. आमच्या वॉचमनलासुद्धा पाठ झालंय. परवा पार्सलवाला आला तर त्याला वॉचमननेच सांगितलं.

तर आज सकाळी मी हौसेने फोन लावला, नंदिनीने, म्हणजे माझ्या सुनेने, व्हिडिओ लावून दिला. मी तिळाचा लाडू पडद्यासमोर धरला. बघते तर पोरीचं तोंड आधीच भरलेलं. म्हणे नानुली बेबियाने वडी केली. तिथे आज जुन्या पंचांगाचं नवं वर्ष असतं, अक्रोड मधात घोटून वडी लाटतात, वर्ष गोड जावं म्हणून. "सेम आपल्यासारखी आहे गं आज्जी," म्हणाली. सेम कशी? त्यात तीळ नाहीत, गूळ नाही, वेलदोडा नाही.

नानुलीबाई ही ऋताची घरमालकीण. बेबिया म्हणजे तिकडे आजी. म्हणजे मी आज्जी आणि ती बेबिया. एकटीच राहते, एक खोली पोरीला दिलीय. वयाने माझ्याएवढीच असेल. माझं वय विचाराल तर शाळेच्या दाखल्यावर एक जून एकोणीसशे बावन्न आहे. आमच्या वर्गातल्या सगळ्यांचाच वाढदिवस एक जूनला येतो, गुरुजींनी बसल्या जागी तसाच लिहिला. आई म्हणायची, तू विहिरीला पाणी लागलं त्या सालची. नानुलीबाईचे दात सगळे शाबूत आहेत. मी काही मोजायला गेले नाही, पण बाई हसते फार.

१९ जानेवारी, रविवार

ऐरोलीचा प्रीतम म्हणून मुलगा आहे, ऋताच्याच कॉलेजात. तो परत निघाला होता, त्याच्याजवळ डबा दिला. माझा स्टीलचा, नाव घातलेला. तिळाचे लाडू, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट. ऋताला बजावून सांगितलं, तुझ्यासाठी आहे, वाटत बसू नकोस. आणि डबा हरवू नकोस. ती हसली.

मग गोष्ट सांगायला बसली. नानुलीबाई म्हणे आयुष्यभर एका जुन्या देवळात येणाऱ्या-जाणाऱ्यांना राजांची चित्रं दाखवायची. तिथे भिंतीवर बाप, लेक आणि नातू अशा तिघांची चित्रं आहेत. घराण्याचं नाव बाग्रतिओनी. आपण दावीद राजाचे वंशज म्हणायचे, फार फार जुन्या पोथीतला दावीद. मी म्हटलं, आपल्याकडेही कुणी सूर्याचे असतात, कुणी चंद्राचे, राजाला जमिनीवरचा बाप चालत नाही वाटतं. ऋताने ते तिकडे भाषांतर करून सांगितलं आणि नानुलीबाई इतकी हसली की पडदा हलला. मला जरा बरं वाटलं. मग वाटलं, मला कशाला बरं वाटायला पाहिजे?

गोष्ट अशी. गिओर्गी राजा होता. थोरला भाऊ वारला, त्याचा पोरगा देम्ना लहान, म्हणून गिओर्गी गादीवर बसला. पोरगा मोठा होईपर्यंत सांभाळतो म्हणाला असेल, सगळे काका तेच म्हणतात. पोरगा मोठा झाला, सरदारांना घेऊन उठला, आणि काकाने त्याला पकडून डोळे काढले. सख्ख्या भावाचा लेक. नंतर आपल्या मुलीला, तामारला, बरोबर गादीवर बसवलं. तिला राणी नाही म्हणायचे, राजाच म्हणायचे. तामारचं ऐकताना ऋताचे डोळे असे चमकत होते, जसे पूर्वी माझ्यासमोर चमकायचे, साताऱ्याच्या गोष्टी ऐकताना. ताटातला भात निवून जायचा तरी हलायची नाही पोर.

आता भात नानुलीबाईकडे निवतो.

२ फेब्रुवारी, रविवार

डबा पोचला. मी विचारलं, लाडू कसे झाले? तर कळलं की अर्धे नानुलीबाईने खाल्ले. तिने हुंगून हुंगून चटणी पावाला लावली आणि डोळ्यांतून पाणी आलं तरी सोडली नाही. ऋता हे मला कौतुकाने सांगतेय. मी म्हटलं, बरं झालं. नंदिनी माझ्याकडे बघत होती. ही सून बोलते कमी आणि बघते फार.

ती ऋताला "श्विलो" म्हणते. म्हणजे बाळ. मी वीस वर्षं बाळ म्हणतेय त्याचं काही नाही, हे श्विलो मात्र पोरगी तीनदा म्हणून दाखवते. आणखी एक ऐकलं, तिकडे बापाला मामा म्हणतात. शहाजीला, माझ्या लेकाला, सांगितलं तर त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

खाली आमच्या बिल्डिंगमधली जाहिदा भेटली. तिची अफशाही तिकडेच शिकते, ऋताच्या वर्षात, पण ती हॉस्टेलवर असते. जाहिदा म्हणाली, "काकी, नशीब समजा. माझी पोर कँटीनचं खाते, तुमच्या ऋताला घरचं गरम मिळतं." सगळ्यांना तिचंच गरम दिसतं.

९ फेब्रुवारी, रविवार

आजची गोष्ट फार म्हणजे फार वाईट ठिकाणी थांबली.

तामारचा मुलगा लाशा. तो राजा झाला, त्याचा जीव एका खेड्यातल्या बाईवर बसला. सरदारांनी ते लग्न मानलं नाही, पण मुलगा झाला, त्याचं नाव दावीद. लाशा तरुणच गेला. मग गादीवर कोण, तर लाशाची बहीण रुसुदान. तिने भावाचं पोर सांभाळलं. पुढे तिला स्वतःला मुलगा झाला. त्याचंही नाव दावीद. एका घरात दोन दावीद. आमच्या सासरीही दोन शहाजी होते, हाक मारली की दोघे धावायचे नाहीतर एकही नाही.

तर आपल्या दावीदला गादी मिळावी म्हणून ह्या रुसुदानने भावाच्या दावीदला पाठवून दिलं लांब, आपल्या जावयाकडे. जावई तुर्कांचा सुलतान. तेवढ्याने भागलं नाही. तिने जावयाला कळवलं की ह्या पोराची नजर वाईट आहे, माझ्या मुलीवर, म्हणजे तुझ्याच बायकोवर. धडधडीत खोटं. जावई चिडला आणि पोराला खड्ड्यात टाकलं. सापांच्या खड्ड्यात.

मी म्हटलं, पुढे? ऋता म्हणाली, बेबिया म्हणते पुढच्या रविवारी. गोष्ट कुठे थांबवायची ते त्या बाईला बरोबर कळतं. ही माझी युक्ती आहे खरं तर.

काय ही आत्या! आत्या म्हणजे भाच्याचं नाव ठेवणारी, पहिलं झबलं आणणारी. तिनेच एक शब्द खोटा बोलून पोर सापात टाकलं. मत्सराने माणूस आंधळा होतो तो असा. मला तर जेवण गेलं नाही.

हां, आणि फोनवर मागे एक माणूस दिसला. तरणा, बाह्या वर केलेल्या, हातात काहीतरी लोखंडी होतं. ऋता त्याला चहा देत होती. नानुलीबाई त्याच्याशी हसून बोलत होती, पण ती भिंतीशीही हसून बोलत असेल. ऋताच्या अंगावर आज दोन स्वेटर होते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

शहाजीला सांगितलं. जे दिसलं तेच सांगितलं. म्हातारीच्या घरात तरणा माणूस होता, बाह्या वर केलेल्या, आपली पोरगी त्याला चहा देत होती. शहाजीने विचारलं, नेहमी येतो का. मी म्हटलं, मला काय माहीत बाबा, पण घरचाच असल्यासारखा वावरत होता. बाकी त्याने आपलं आपण जुळवलं. पोरीच्या बापाला टेन्शन येणारच. तो बाल्कनीत जाऊन फोनवर बोलत होता, दार लावून. दार लावून बोलला म्हणजे जोरात बोलला.

मी कुणाचं वाईट केलं नाही. हॉस्टेल कॉलेजच्या जवळ आहे. पोरीपोरी राहतात. सुरक्षित.

१६ फेब्रुवारी, रविवार

ऋता हॉस्टेलवर गेली. मी शिरा केला. म्हटलं रविवार आहे.

फोन आला. मागे पांढरी भिंत, एक लोखंडी खाट. पोरीचा चेहरा उतरलेला. जेवलीस का, तर हो. थंडी आहे का, तर आहे. मग मीच विचारलं, त्या खड्ड्यातल्या दावीदचं काय झालं?

म्हणाली, "आज्जी, गोष्ट बेबिया सांगायची. मी आता तिथे नाही ना."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मी म्हटलं, मग मी सांगते ना, साताऱ्याची. तर म्हणाली, उद्या पेपर आहे. आणि फोन ठेवला. शिरा शहाजीने खाल्ला नाही, नंदिनीने खाल्ला नाही. मी खाल्ला.

२ मार्च, रविवार

त्या पोराचा विचार मनातून जात नाही. भाजी निवडते, आणि वाटतं साप चावला असेल का. जाहिदाच्या नौमानला म्हटलं, तुझ्या मोबाइलवर बघ रे, दोन दावीद. त्याने बघितलं, काहीतरी इंग्रजी वाचून दाखवलं, सनावळ्या आणि मंगोल आणि नावंच नावं. ती गोष्ट नव्हे. मी त्याला मध्येच थांबवलं. वाटलं, ह्याच्याकडून ऐकून संपवलं तर ते संपूनच जाईल.

ऋताचा फोन हल्ली दोन मिनिटांचा असतो. बापाशी तर तेवढाही नाही. "पप्पांना दे" असं ती म्हणत नाही आणि "मला दे" असं तो म्हणत नाही. नंदिनी मध्ये बसून दोघांकडे बघते.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. कालच्या पुरणपोळ्या पाच उरल्या. ऋताने फोन उचलला नाही, मेसेज केला, हॅपी होली.

२६ मार्च, बुधवार

अफशा ईदसाठी घरी आली. आज संध्याकाळी जाहिदा तिला घेऊन वर आली, रोजा सोडायच्या आधी. माझा डबा घेऊन. माझं नाव असलेला, घासून आरशासारखा केलेला. मी हातात घेतला तर जड.

मी उघडला. आत अक्रोडांच्या माळा, द्राक्षाच्या रसात बुडवून बुडवून वाळवलेल्या, काळ्या मेणबत्त्यांसारख्या दिसतात. त्याखाली लोकरीचे मोजे. करडे, लाल काठाचे.

मी विचारलं, ऋताने पाठवलं? अफशा म्हणाली, "नाही आज्जी, नानुली बेबियाने. ऋता घर सोडताना डबा तिच्याच ओट्यावर विसरली. बेबिया म्हणते, रिकामं भांडं परत करायचं नसतं." आणि मोजे तुमचे, म्हणाली. ऋताने तिला एकदा सांगितलं होतं की आमच्या आज्जीच्या टाचा फुटतात, फरशी पायाला लागते. तेव्हापासून विणत होती.

रिकामं भांडं परत करायचं नाही हे माझ्या सासूने मला शिकवलं होतं, साखरेची वाटी परत करताना. काही नसलं तर चार दाणे तांदळाचे टाक म्हणायची. मी समजत होते हे आपल्याकडेच आहे.

मी माळा पुन्हा डब्यात ठेवल्या तर अफशाला वाटलं मला गोड आवडलं नाही. ती पोरगी बडबडी आहे, बोलत राहिली. म्हणाली, ऋता का गेली ते बेबियाला अजून कळलेलं नाही. ऋताने सांगितलंच नाही, लाज वाटली असेल. बेबियाला वाटतं घर गार होतं म्हणून गेली. तेव्हा हीटर बंद पडला होता ना, पोरगी दोन दोन स्वेटर घालायची. दुरुस्तीवाल्याला बोलावलं, तो रविवारी आला, तरी पोरगी गेलीच. अफशा निघताना बेबिया तिचा हात धरून म्हणाली, ऋताला सांग, आता हीटर चांगला चालतो.

जाहिदा माझ्याकडे बघत होती. तिला काही माहीत नाही. तरी मी नजर खाली घातली, मोज्यांकडे.

नंदिनी ट्रे घेऊन आली, त्यांना रोजा सोडायला न्यायला ताटल्यांत फळं कापलेली. त्या गेल्यावर स्वयंपाकघरात मला म्हणाली, "आई, त्या माणसाच्या हातात पाना होता. मी पण बघितला होता." मी म्हटलं, मग तू का बोलली नाहीस? ती म्हणाली, "मी बोलले. त्याच रात्री. हे म्हणाले, आई खोटं बोलणार नाही."

२८ मार्च, शुक्रवार

काल दिवसभर मी रुसुदानला शिव्या देत होते. मग आठवलं की फेब्रुवारीतही दिल्या होत्या. वही उघडून वाचलं. दोन पानांवर लागोपाठ आहे. एका पानावर तिला शिव्या, पुढच्या पानावर मी. मध्ये फक्त दोन दिवसांचं अंतर.

रुसुदानला नंदिनी नव्हती. नाहीतर तिलाही कुणीतरी सांगितलं असतं.

शहाजी ऐरोलीच्या ऑफिसातून आला, चहा प्यायला बसला. मी समोर बसले आणि सांगितलं. तो हीटरवाला होता. घरचाच असल्यासारखा वावरत होता हे मी मनाचं घातलं. मला वाटलं होतं तो ओरडेल. तो ओरडला नाही. कप हातात तसाच धरून बसला.

"आई, मी तिला काय काय बोललो माहितीये का तुला? त्या दिवशी, बाल्कनीत?"

  चहा टाकून उठला आणि पुन्हा बाल्कनीत गेला, ह्या वेळी दार उघडं ठेवून. मला ऐकू येत होतं. बराच वेळ तो नुसतं "ऐकतोय" म्हणत होता. शेवटी फोन माझ्या हातात आणून दिला.

ऋता म्हणाली, "का गं आज्जी?"

बोलायला किती काही होतं. काळजी, परका देश, म्हातारी माणसं. मी म्हटलं, तू तिच्या घरी हसायचीस म्हणून.

  फोन चालू होता, वरचे आकडे पुढे सरकत होते. मग म्हणाली, ठेवते. रागाने म्हणाली का कशी, ते फोनवरून कळत नाही.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी शहाजीने बांधली, कडुनिंबाचा डहाळा जाहिदाने खालच्या झाडाचा काढून पाठवला, उद्या तिची ईद. आमच्याकडे आज साखरेची गाठी, आणि तिच्याकडच्या शेवया भाजल्याचा वास लिफ्टमधून वर येत होता.

मी फोन लावला नाही. धीर झाला नाही. बारा वाजता तोच वाजला. नंदिनीने माझ्यासमोर धरला.

आधी दिसला तो हीटर. कुणीतरी कॅमेरा मुद्दाम त्याच्यावर धरला होता, लालबुंद पेटलेला. मग नानुलीबाईचं तोंड, सगळे दात. आणि तिच्या मागे माझी ऋता, एकच स्वेटर घातलेली. आज सकाळीच सामान आणलं म्हणाली. चेहरा अजून माझ्यावर थोडा फुगलेला होता. असू दे. फुगलेला चेहरा निदान बोलतो.

मी पाय वर केले आणि पडद्यासमोर धरले. मोजे. बाहेर ऊन रणरणतंय, पंखा पाचवर, आणि मी लोकरीत. दोन बोटं मोठेच झालेत. नानुलीबाईने टाळ्या वाजवल्या.

मी ऋताला म्हटलं, तिला सांग. तुझं घर गार नव्हतं, इकडच्या म्हातारीच्या पोटात आग होती, म्हणून पोरगी गेली. ऋता म्हणाली, आज्जी, सांगू खरंच? मी म्हटलं, सांग. तिने सांगितलं. नानुलीबाई हसायची थांबली. मग एक लांबलचक काहीतरी बोलली. ऋताने सांगितलं, ती म्हणते, पहिल्या दिवसापासून ही पोर माझी आज्जी, माझी आज्जी करते, तुमचं नाव ऐकून ऐकून तिच्याही पोटात दुखायचं. ती चटणी तिने रागानेच खाल्ली होती, सगळी.

मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. देवा, मला बरं वाटायला नको होतं, पण वाटलं.

मग मी म्हटलं, आता त्या पोराला खड्ड्यातून काढ बाई.

तिने काढलं. साप चावलेच नाहीत. नंतर मंगोल आले, त्यांनी सुलतानाला हरवलं, आणि हा दावीद सुटून घरी आला. इकडे रुसुदानने आपल्या दावीदला मंगोलांच्या मोठ्या खानाकडे पाठवलेलं, आमच्या गादीला मान्यता दे म्हणून. त्याची वाट बघत बघत ती वारली. लेक परत आलेला तिला दिसलाच नाही. शेवटी दोघेही दावीद खानाच्या दारात उभे राहिले. खान म्हणाला, दोघेही राजे. एक थोरला, एक धाकटा. एकाच गादीवर बसा. आणि बसले. बरीच वर्षं बसले, पुढे धाकटा डोंगरापलीकडे गेला आणि दोन गाद्या झाल्या.

मी म्हटलं, थांब, हे आमचंच आहे. आणि मग मी सांगितलं, कसे शाहूराजे मोगलांच्या कैदेतून सुटून आले, कशी ताराराणी काकू म्हणाली की हा खरा नव्हेच, तोतया आहे. ताराराणीबद्दल मी वाईट ऐकून घेणार नाही, बाई तलवारीची होती, पण म्हणाली हे खरं. मग साताऱ्याची गादी थोरली आणि कोल्हापूरची धाकटी. ऋता भाषांतर करता करता मध्येच थांबायची आणि विचारायची, पुढे? नानुलीबाई विचारायची, पुढे? दोघींचा चहा निवला. मी डोळ्यांनी बघितलं. तेव्हा मी गोष्ट थांबवली. म्हटलं, राहिलेली पुढच्या रविवारी.

नानुलीबाईला कळलं. बोट दाखवून हसली.

मग तिने विचारलं, आपल्या दोघींत थोरली कोण? तिचा जन्म एक्कावन्न सालच्या फेब्रुवारीतला. ऋता म्हणाली, आज्जी बावन्नची, एक जून, आधार कार्डावर आहे.

आमचा थोरला भाऊ, तो आता नाही, म्हणायचा की विहिरीला पाणी पन्नास साली लागलं, म्हणजे मी पन्नासची. तो तेव्हा विहिरीवर होता, त्याला पक्कं आठवायचं. ते ऋताला माहीत नाही, शहाजीलाही नाही. ओठावर आलं होतं माझ्या. मी म्हटलं, बरोबर आहे, बावन्न, एक जून. तूच थोरली बाई.

ती इतकी खूश झाली. खुर्चीत सरळ होऊन बसली, गादीवर बसल्यासारखी.

डबा मी आज भरून ठेवलाय. अफशा ईदनंतर जाईल. चटणी जास्त घातलीय, तिची वेगळी बांधून, वर नाव लिहून, नंदिनीकडून इंग्रजीत. थोरली गादी तिची. घेऊ दे. परीक्षा मेच्या शेवटी संपते, आणि धाकटीचा वाढदिवस एक जूनला येतो. ऋताला मी आजच सांगून ठेवलंय.